चोर सोडून संन्याशाला फाशी

स्पॅमवरचा (नको असलेल्या मेलवरचा) एक लेख म्हणतो, इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही६, आली तरी काळ्या याद्या, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या बंदी-याद्या, कडक केल्या की स्पॅम आटोक्यात येईल. मी सावद्याला केळीच्या व्यापाऱ्यांचे मेल सर्व्हर सांभाळतो, मला नाही पटत. जुन्या पद्धतीच्या ३२ बिटांच्या पत्त्यांत सगळे मिळून जेमतेम ४२९ कोटी पत्ते, एकेक नंबर यादीत टाकणं जमायचं. आता एकेका गिऱ्हाइकाला सर्रास ६४ बिटांचा ब्लॉक मिळतो, म्हणजे १८ वर १८ शून्यं इतके पत्ते! स्पॅमवाला पठ्ठ्या दर मेलला नवा पत्ता वापरेल, तुम्ही बसा लिहीत. म्हणून मग अख्खा ब्लॉकच बंद करतात. आमचं तेच झालं. होस्टिंगवाल्याने आमच्याच ब्लॉकात कुणी लॉटरीच्या मेल पाठवणारा बसवलेला. केळीची गाडी बऱ्हाणपूरच्या पुढे गेली, दिल्लीवाल्याला बिल पोचेना, अन् मी इकडे यादीतून नाव काढायचे फॉर्म भरतोय. शेवटी बिल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवलं!

पत्त्यापेक्षा डोमेन (मेलमधलं @ नंतरचं नाव) तपासा, एसपीएफ (त्या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवरून यायला परवानगी आहे त्याची नोंद) आणि डीकेआयएमची (मेल त्या डोमेनचाच असल्याची) सही बघा. आयपीव्ही६ वरून आलेल्या मेलला जीमेल यातलं एक तरी मागतंच, वर पत्त्याची उलटी डीएनएस नोंदही (पत्त्यावरून नाव सांगणारी) लागते. अर्थात स्पॅमवाले डोमेनही ढिगाने घेतात, तो ताप वेगळाच.