तुऱ्याच्या रंगावरून कोंबड्याचा आजार ठरत नाही

परसातला कोंबडा मलूल दिसला की हल्ली एक तक्ता हमखास पुढे येतो. फोनवरून फिरणाऱ्या या चित्रात एका बाजूला लक्षण असतं आणि दुसऱ्या बाजूला आजाराचं नाव. तुरा निळा म्हणजे बर्ड फ्लू, विष्ठा पांढरी म्हणजे पांढरी हगवण, अंग गरम म्हणजे ताप, मान वाकडी म्हणजे मानमोडी, दाणे टिपतोय म्हणजे काळजी नको. तळाशी उपाय एकच: आजार कुठलाही असो, पाण्यातून अँटिबायोटिक सुरू करा, आणि पक्षी मेलाच तर पुरून मोकळे व्हा. एका लक्षणावरून आजाराचं नाव ठरवण्याची ही रीत मुळातच चुकीची आहे. तिच्यापायी बरे होऊ शकले असते असे पक्षी हातचे जातात, म्हणून यातला एकेक दावा तपासायला हवा.

‘तुरा निळा-काळा पडला म्हणजे बर्ड फ्लू. कोंबडा लगेच मारा.’

तुरा निळसर होतो तो रक्तात प्राणवायू कमी पडल्यामुळे किंवा रक्त नीट फिरत नसल्यामुळे. हृदय कमजोर असेल, श्वासनलिकेत चिकटा अडकला असेल, कडाक्याची थंडी असेल, तरी हेच दिसतं. पाठलाग करून धरलेल्या कोंबड्याचा तुराही थोडा वेळ जांभळट दिसू शकतो. फक्त टोकं काळी पडली असतील तर ती हिमदंशाची खूण असू शकते, आणि मोठ्या उभ्या तुऱ्याच्या कोंबड्याला तो धोका जास्त. काळपट खपल्या असतील तर दुसऱ्या नराशी झालेली झुंज आठवावी, नाहीतर देवी. देवीचा रोग डासांमार्फतही पसरतो. त्यात नुसत्या खपल्या आल्या आणि तोंडात-घशात चट्टे नसले, तर बहुतेक पक्षी काही आठवड्यांत सावरतात. असा कोंबडा तक्ता वाचून मारला जातो, याचं फार वाईट वाटतं.

बर्ड फ्लूची भीती खोटी नाही. पण तो संशय एकट्या तुऱ्यावरून येत नाही. एका-दोन दिवसांत पटापट अनेक पक्षी मरणं, डोकं सुजणं, पायांच्या कातडीवर रक्ताळलेले डाग, अशा गोष्टी एकत्र दिसल्या की पक्ष्यांना हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवायचं. मारायचे की नाही, हे ते ठरवतील.

आणि तक्ता ज्याबद्दल गप्प आहे तो रंग म्हणजे फिका. फिकुटलेला तुरा रक्त कमी झाल्याचं सांगतो, आणि त्यामागे बऱ्याचदा लाल माइट्स, म्हणजे गोचिडीसारखे अगदी बारीक परजीवी असतात. ते दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात, त्यामुळे दिवसा कोंबडा कितीही उलटापालटा केला तरी ते सापडत नाहीत. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांड्याची खालची बाजू आणि सांधे पाहावेत.

‘विष्ठेत पांढरं दिसलं म्हणजे पांढरी हगवण.’

कोंबडीवर्गीय पक्षी लघवी वेगळी करत नाहीत. मूत्रपिंडातून येणारं युरिक ॲसिड पांढऱ्या थरासारखं विष्ठेवरच पडतं. म्हणजे घट्ट विष्ठेवरची पांढरी टोपी ही निरोगीपणाचीच खूण. पांढरी हगवण नावाचा रोग आहे, पण तो मुख्यतः पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांना मारतो. मोठे पक्षी बहुधा लक्षणं न दाखवता जंतू बाळगतात.

विष्ठेतून कळतं खूप, मात्र नुसता रंग पाहून नाही. दिवसातून काही वेळा पडणारी तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा आंधळ्या आतड्यातून येते आणि ती नेहमीचीच असते. उकाड्यात पक्षी पाणी जास्त पितात म्हणून विष्ठा पातळ होते. गर्द हिरवी विष्ठा राणीखेतमध्ये, म्हणजे मानमोडीत दिसते खरी, पण पोटात अन्नच गेलं नसेल तर नुसतं पित्त उतरूनही ती तशीच होते. रक्त दिसलं तर रक्ती हगवणीचा संशय घ्यावा आणि विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घ्यावी. जंत आहेत की नाहीत, हेही त्याच तपासणीत कळतं. रात्री दांड्याखाली कागद पसरून ठेवला की सकाळी कोणती विष्ठा कोणाची, हे बरंचसं कळतं.

‘अंग गरम लागतंय म्हणजे ताप.’

धडधाकट कोंबड्याच्या शरीराचं तापमान साधारण 41 ते 42 अंश सेल्सिअस असतं. माणसाच्या हाताला तो कायम गरमच लागणार.

‘मान वाकडी म्हणजे मानमोडी. उपाय नाही.’

मानमोडी म्हणजे राणीखेत. तो विषाणूचा रोग आहे, मान पिळवटणं हे त्याचं ओळखीचं लक्षण आहे आणि त्यावर औषध नाही, फक्त आधी दिलेली लस आहे. इथवर तक्ता बरोबर. पण डोक्याला मार लागल्यावर, कानाच्या आत संसर्ग झाल्यावर किंवा थायमिन (जीवनसत्त्व बी-१) कमी पडल्यावरही मान फिरते. थायमिनची उणीव वेळेत भरली तर पक्षी झपाट्याने सुधारू शकतो. रक्ती हगवणीवरचं ॲम्प्रोलियम जास्त प्रमाणात, जास्त दिवस दिलं तर तेच थायमिन अडवतं, म्हणून मान वाकडी दिसल्यावर आधी कोणतं औषध चालू होतं हे विचारलंच पाहिजे. मान पिळवटलेली आहे की लुळी, हेही पाहावं. सडलेलं मांस किंवा त्यावरच्या अळ्या खाल्ल्याने बोटुलिझम झाला तर पाय आणि पंख ढिले पडतात आणि मान जमिनीला टेकते. ती मानमोडी नव्हे.

‘दाणे टिपतोय ना, मग काळजी नको.’

कोंबड्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवणारा दावा हाच. नर दाणा चोचीत उचलतो, टुकटुक करत माद्यांना बोलावतो आणि दाणा खाली टाकतो. लांबून वाटतं की तो खातोय. आजारी पक्षीही नुसती चोच मारत राहतो, गिळत नाही. त्यात भर म्हणजे कोंबडी आजारली की अंडी थांबतात, मालक सावध होतो. कोंबड्याकडे तशी काही खूण नाही. असलीच तर बांग. रोज आरवणारा गप्प झाला, सगळ्यांत आधी खाली येणारा शेवटी उतरू लागला, माद्यांपासून बाजूला उभा राहू लागला, की त्याच दिवशी त्याला हातात घ्या.

हातात घेऊन छातीचं हाड चाचपा. पिसांमुळे वजन घटलेलं वरून दिसत नाही, पण हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर पक्षी बरेच दिवस झुरतोय. गळ्याशी असलेली अन्नपिशवी पहाटे, दाणे घालण्याआधी रिकामी असायला हवी. तेव्हाही ती भरलेली, कडक किंवा आंबट वासाची असेल तर अडचण तिथेच आहे. मग तळपाय पाहा: काळी खपली आणि गरम सूज म्हणजे तळव्याचा गळू, ज्याला अनेकदा लंगडेपणा म्हणून सोडून दिलं जातं. शेपटीखालची पिसं बाजूला करून उवा आणि दिवसाही अंगावरच राहणारे दुसऱ्या जातीचे माइट्स शोधा. तोंड उघडून घसा पाहा, डोळ्यात फेस आहे का पाहा. एक वजन लिहून ठेवा. पुढच्या आठवड्याचं वजन त्याच्याशी ताडता येईल.

‘काहीही असो, पाण्यातून अँटिबायोटिक द्या.’

राणीखेत, देवी आणि मरेक्स हे विषाणूंचे रोग, त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. माइट्सवर आणि जंतांवरही नाही. श्वासाच्या जुनाट आजाराचा मायकोप्लाझ्मा जिवाणूच आहे, पण त्याला पेशीभित्तिका (पेशीबाहेरचं कवच) नसते आणि पेनिसिलीनसारखी औषधं घाव घालतात ती तिच्यावरच, म्हणून पेनिसिलीन आणि ॲमॉक्सिसिलीन त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात. शिवाय आजारी कोंबडा पाणी कमी पितो. औषध मिळतं ते धडधाकट माद्यांना, आणि त्यांच्या अंड्यांतून घरच्यांना. औषध कोणतं, किती आणि अंडी-मांस किती दिवस खायचं नाही, हे पशुवैद्याने सांगितल्याशिवाय सुरू करू नये. तोवर कोंबडा वेगळा ठेवा, ऊब द्या, पाणी चोचीजवळ ठेवा.

‘मेला तर पुरून टाका.’

एकच पक्षी मेला असेल आणि बर्ड फ्लूचा संशय नसेल, तर शवविच्छेदन हा निदानाचा बहुधा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि उरलेल्या कळपाला त्याचाच उपयोग होतो. हातमोजे घालून, दोन पिशव्यांत बांधून, अन्नापासून दूर बर्फात ठेवून शव लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवा. फ्रीजरमध्ये गोठवू नका. गोठल्यावर पेशी फुटतात आणि ऊतींची तपासणी नीट होत नाही.