उशिरा रंगवलं म्हणून साक्ष खोटी ठरत नाही

कमेंट सविस्तर लिहिलीत म्हणून उत्तरही जरा लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की युद्ध स्वतः अनुभवून ते रंगवणाऱ्या सैनिक-चित्रकारांना मी उगाच युद्धाचे साक्षीदार म्हणून डोक्यावर घेतलंय, त्यांची गाजलेली चित्रं नंतर स्टुडिओत बसून रंगवलेली आहेत, सैन्याच्या पगारावरचा माणूस प्रचारच करणार, आणि कॅमेरा आल्यावर या सगळ्याची गरजच काय.

कॅमेऱ्याचं आधी उरकून टाकतो. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचा अधिकृत फोटोग्राफर फ्रँक हर्ले वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एकच फोटो बनवायचा, आख्खी लढाई एका फ्रेममध्ये मावत नाही म्हणे, आणि यावरून त्याचं युद्ध-इतिहासकार चार्ल्स बीनशी चांगलंच वाजलं होतं. तेव्हा फोटो म्हणजे पुरावा आणि चित्र म्हणजे कल्पना, एवढं सोपं नाहीये ते.

उशिराचा मुद्दा मात्र इंटरेस्टिंग आहे. जर्मन चित्रकार ओटो डिक्स घ्या. पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मशीनगनवर होता, आघाडीवर असतानाच त्याने शेकडो स्केचेस काढली, आणि ती बघाल तर त्यात तुटक रेषा, स्फोट, एक प्रकारचा जोशच दिसतो. सडलेली प्रेतं, फाटलेले चेहरे हे सगळं अंगावर येतं ते १९२४च्या ‘डेर क्रीग’ (म्हणजे ‘युद्ध’) या मालिकेतल्या ५० एचिंग्जमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांमध्ये, आणि त्याच सुमारास तो इटलीत पालेर्मोच्या तळघरात जपलेल्या ममी बघून ड्रॉइंग करत होता! तुम्ही म्हणाल, बघा, सापडला. पण प्रेत सडताना कसं दिसतं हे त्याला ममींनी शिकवलं नव्हतं, ते त्याने खंदकात रोज बघितलेलं, फक्त हाताला ते कागदावर आणायला वर्षं लागली. मला तर ती उशिराची एचिंग्ज जास्त खरी वाटतात, जागेवरच्या स्केचपेक्षाही.

पगाराचं म्हणाल तर नेपोलियनच्या सैन्यातल्या चित्रकार लेज्यूनबद्दल मान्य, स्वतः लढलेला अधिकारी, पण त्याच्या लढाया परेडसारख्या नीटनेटक्या. पण मग रशियन चित्रकार वेरेश्चागिनचं काय करायचं? १८६८ला मध्य आशियातल्या समरकंदच्या वेढ्यात बंदूक घेऊन लढला, शौर्याचा सेंट जॉर्ज क्रॉस मिळाला, आणि १८७४ला पीटर्सबर्गच्या प्रदर्शनात त्याच्याच जनरलने, कॉफमनने, चित्रांवर बदनामीचा आरोप केला कारण रणांगणात मागे टाकलेला मेलेला रशियन सैनिक त्यात होता. वैतागून पठ्ठ्याने तीन कॅनव्हास स्वतःच नष्ट केले. किंवा पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश चित्रकार नेव्हिन्सन, आधी वैद्यकीय तुकडीत जखमी उचललेला, नंतर सरकारनेच नेमलेला अधिकृत चित्रकार, त्याच्या काटेरी तारेजवळ मरून पालथ्या पडलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांच्या चित्राला सेन्सॉरने परवानगी नाकारली तर १९१८ला त्याने ते ‘सेन्सॉर्ड’ लिहिलेली ब्राऊन पेपरची पट्टी लावून टांगलं. पगार देणाऱ्यालाच नको झालेल्या या चित्रांना प्रचार कसं म्हणणार?

आणि दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश सैनिक-चित्रकार रोनाल्ड सर्ल, त्याला तर असं काम कुणी दिलंही नव्हतं. १९४२ला सिंगापूर पडल्यावर जपान्यांचा युद्धकैदी, मग जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या बर्मा रेल्वेवर मजुरी, त्यात मिळेल त्या कागदावर चोरून काढलेली चित्रं तो कॉलरा झालेल्या कैद्यांच्या अंथरुणाखाली लपवायचा, कारण तिकडे पहारेकरी फिरकत नसत. अशी ३००च्या आसपास चित्रं वाचली. ही ना स्टुडिओतली, ना पगारावरची, आणि त्या छावणीत कैद्याच्या हातात कॅमेरा कोण देणार होतं? लेज्यूनवर हवी तेवढी टीका करा, मी सोबत आहे, पण सर्लला त्याच यादीत टाकणार असाल तर कुठल्या चित्रावरून ते सांगा.