सिस्टिममध्ये आहेत म्हणे

आमच्या आंब्याच्या पल्पच्या फॅक्टरीत डब्यांची चोवीस हजार झाकणं आहेत म्हणे. सिस्टिममध्ये. म्हणजे हेड ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. मग काल मी गोडाऊनमध्ये शिडीवर चढून जे बघत होतो ते काय, चकवा लागला होता मला?

दहा टन हापूस पिकवायच्या चेंबरमध्ये तयार. तयार म्हणजे दार उघडलं की वास गेटवरच्या वॉचमनपर्यंत, देठाजवळ अंगठा टेकवला की आत जातोय. असा आंबा थांबत नाही हो. रात्रीत पल्परला, गर काढायला, गेलाच पाहिजे, नाहीतर सकाळी मेलेल्या आंब्याचा आंबूस वास आणि माश्या. बॉयलरला प्रेशर आलेलं, कापणीच्या बायका हातमोजे घालून उभ्या, आणि सीमरवरचा, म्हणजे डब्याला झाकण बसवायच्या मशीनवरचा, पोरगा येतो, डोक्यावरची जाळीची टोपी मागे सरकवतो आणि सांगतो, "साहेब, मोठी झाकणा संपली."

मला वाटलं वरच्या रॅकवर असतील. होती की. खोके होते, खोक्यात कागदी नळ्या, नळ्यांत झाकणं, एकदम चकचकीत, एकूण एक ४०१. अरे ४०१! ती ८५० ग्रॅमच्या छोट्या डब्याची. चालू ऑर्डर ३.१ किलोच्या ए-टेनची, त्याला ६०३ लागतं. ६०३ म्हणजे सहा इंच आणि वर तीन सोळांश, ४०१ म्हणजे चार इंच आणि वर एक सोळांश, आयुष्यात एकदा जरी रिकामा डबा हातात धरला असेल तर कळतं की हे त्याच्यावर बसणार नाही. पण हेड ऑफिसात डबा हातात धरायची पद्धत नाही. तिथे डब्याची एन्ट्री धरतात.

फोन लावला. पलीकडचा मुलगा, अतिशय शांत, एसीत बसलेला आवाज. "सर, सिस्टिममध्ये चोवीस हजार दिसतायत." म्हटलं, दिसू देत, इथे नाहीत. "सर, एकदा फिजिकली परत चेक करता का?" म्हणजे मी आत्ता काय करतोय? आध्यात्मिकली चेक करतोय का?

मग हळूहळू बाहेर आलं. फेब्रुवारीत कोणीतरी आयटम मास्टर, म्हणजे सिस्टिममधली मालाची यादी, "क्लीन" केला. दोन कोड होते, दोन्हीचं नाव डब्याचं झाकण, साईज नावाच्या शेवटी लिहिलेली, ती स्क्रीनवर कापली जायची, म्हणून डुप्लिकेट समजून दोन्हीचा एक कोड केला. मोठी झाकणं रोज संपत होती आणि छोट्यांच्या जिवावर स्टॉक ठणठणीत दिसत होता. रिऑर्डर लेव्हलचा, म्हणजे माल कमी झालाय, नवा मागवा असा, मेसेज येणार कुठून? येणारच नाही. सिस्टिमच्या मते आम्ही झाकणांचे कुबेर.

पूर्वी रॅकला बिन कार्ड असायचं. पुठ्ठ्याचं, दोऱ्याने बांधलेलं, स्टोअरचे काका कानावरचं पेन काढून त्यावर आवक-जावक लिहायचे, अक्षर असं की फक्त त्यांना आणि देवाला वाचता येईल, पण शिल्लक कधी चुकली नाही. दोन खोके उरले की काका लाल पेनाने गोल करायचे आणि माझ्या टेबलावर कार्डच आणून आपटायचे. गेल्या वर्षी फतवा आला, पेपरलेस व्हा. कार्डं काढली. काकांना टॅब दिला. तो टॅब हातमोज्याने चालत नाही, आणि हातमोजे काढले तर फूड सेफ्टीवाली मॅडम ओरडते. काका आता टॅब कपाटात ठेवतात आणि संध्याकाळी पोरगा आला की त्याच्याकडून एन्ट्र्या मारून घेतात. त्या एन्ट्र्यांवर पुण्यात बसून प्लॅनिंग चालतं. धन्य.

वरून ट्रेनिंग दिलेलं आम्हाला. एक गृहस्थ आले होते, टाय लावून, मे महिन्यात, रत्नागिरीत. ए-बी-सी शिकवून गेले. ए क्लास म्हणजे महाग माल, त्यावर रोज डोळा ठेवा. सी क्लास म्हणजे स्वस्त किरकोळ माल, त्यात वेळ घालवू नका. आंबा ए, झाकण सी. मी तेव्हाच विचारलं होतं, सी संपलं तर ए कशात भरायचा? तर म्हणाले, गुड क्वेश्चन, आणि पुढची स्लाईड लावली.

बरं, अर्धा-एक हजार छोटे डबे पडून होते, म्हटलं निदान तेवढे तरी भरू. पण साईज बदलायची म्हणजे सीमरचा चक बदला, रोल बदला, सेटिंग करा, मग दोन-चार डबे मारून शिवण कापून बघा हुक नीट अडकलाय का, ओव्हरलॅप किती येतोय. अर्धा दिवस त्यात. दहा टन आंब्याचा साडेपाच टनाच्या आसपास पल्प, छोट्या डब्यात भरायचा तर साडेसहा हजार डबे हवेत. हेही मी फोनवर समजावत होतो. पलीकडून, "सर, याचा एक मेल टाकता का?"

आणि नेमका तेव्हा वळीव आला. पत्र्यावर ताशे, आणि पहिल्या थेंबाला लाईट गेली. आपल्याकडे थेंब पडायचीही गरज नसते म्हणा, ढगाने नुसतं खाकरलं तरी जाते. आमचा जनरेटर असा की एकतर लाईन ओढेल नाहीतर चेंबरचा कॉम्प्रेसर. दोन्ही नाही. मोठा जनरेटर मागितल्याला किती सीझन झाले ते विचारू नका, दर वेळी उत्तर एकच, वर्षातले दोन महिने चालणाऱ्या फॅक्टरीला एवढा खर्च कशाला. अहो पण ते दोन महिनेच तर फॅक्टरी आहे! उरलेले दहा महिने आम्ही पत्रे रंगवतो आणि गंज खरवडतो.

शेवटी गेलो शेजारच्या फॅक्टरीत. रात्री साडेनऊला, भिजत, झाकणं उसनी मागायला. विरजण मागायला आलेल्या सुनेसारखा दारात उभा. मालक बाहेर आले, लुंगीवर, खुर्ची दिली, कोकम सरबत मागवलं. घाई आहे म्हटलं तरी मागवलंच. मग शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे तर कॉम्प्युटर बसवलाय ना?" मी सरबत प्यायलो. "मग तो सांगीत नाय व्हय, झाकणा संपली म्हणून?" मी सरबत संपवलं. त्यांच्याकडे सगळा हिशोब एका लांबड्या वहीत, ती वही देवाच्या फोटोखाली, आणि त्यांच्याकडे ६०३ झाकणं बाराशे जास्तीची होती. बाराशे दिली, पोचपावती वहीतच लिहून घेतली, माझी सही घेतली. माणूस सज्जन आहे. पण हे पुढच्या सीझनपर्यंत अख्ख्या एमआयडीसीला ऐकवणार, दोन वेळा तर मी निघायच्या आत फोनवर ऐकवून झालं होतं.

झाकणं दुसऱ्या कंपनीची, पत्र्याची जाडी जरा वेगळी, म्हणून परत सीमर थोडा फिरवा, परत शिवण कापा. लाईट आली रात्री साडेअकराला, लाईन सुरू झाली बाराला, पहाटेपर्यंत बाराशे डबे. पावणेचार टन पल्प. बाकीचा तीनेक टन आंबा गेला तो गेला. सकाळी गावातल्या बचत गटाच्या बायका साठं, म्हणजे आंबापोळी, घालायला घेऊन गेल्या, त्या म्हणाल्या तो भाव घेतला, भाव करायला तोंड कुठे होतं.

आणि आज सकाळी मेल. विषय: यील्ड व्हेरियन्स. दहा टन इश्यू केला, अमुक इतका पल्प अपेक्षित होता, तुमचा कमी का, कारण कळवावे. काय कळवू? साठं झाली म्हणून?

या यील्डवरनं, म्हणजे आंब्यातनं पल्प किती निघाला त्यावरनं, माझं डोकं वर्षभर सणकतं, आज निघालंच आहे तर बोलतो. सिस्टिममध्ये एक टक्केवारी टाकून ठेवलीय, पंचावन्न. बारा महिने तेरा काळ पंचावन्न. एप्रिलचा आंबा वेगळा, मेच्या शेवटचा वेगळा, ऊन तापलं की आत साका निघतो, वरून सोन्यासारखं फळ आणि कापलं की आत पांढरा कापूस, तो काढून टाकायचा की ढवळून गिऱ्हाइकाला पाजायचा? आंब्याने तुमची टक्केवारी वाचलेली नसते. एका वर्षी तर त्यांनी साका ही गोष्ट आम्ही बनवून सांगतोय असं समजून फोटो मागवले होते. मी एक फळच पाठवून दिलं कुरिअरने. पोचलं तेव्हा त्याचं काय झालं होतं ते सांगत नाही.

मग गंज. "डबे गंजतात कसे, पत्र्याला टिनचा मुलामा असतो ना?" असतो हो. पण खाडीवरनं खारं वारं येतं, उकळत्या पाण्यातनं काढून गार केलेला डबा नीट सुकवला नाही तर शिवणीच्या खाचेत पाणी राहतं, आणि जूनमध्ये या हवेत भिंतीसुद्धा घामेजतात. पंखे मागितले तर म्हणे खिडक्या उघडा. खिडक्या उघडल्या की ऑडिटवाला जाळ्या मागतो. जाळ्या बसवल्या तर वारा नाही. आणि माकडं जाळ्या फाडतात ते वेगळंच.

मग पाणी. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की टँकर, टँकरवाला फोन उचलत नाही कारण त्याच्या वाडीत लग्न. मग बाठे. रोजची ट्रॉलीभर बाठे आणि साली, उचलणारा ट्रॅक्टरवाला आला नाही की दुसऱ्या दिवशी सरपंचांचा फोन. मग माणसं. मेमध्ये चाकरमानी आले की अर्ध्या वाडीत पूजा, अर्ध्या वाडीत क्रिकेटची टूर्नामेंट, आणि माझा बॉयलरवाला फायनलला अंपायर. बॉयलर सोडून अंपायर! पल्पला वाफ कमी पडत असताना तो तिकडे वाईड देत होता.

झाकणांची गाडी विचाराल तर निघालीय. मुंबईहून. म्हणजे हायवेने. 2011 पासून ज्याचं चौपदरीकरण चालू आहे त्या हायवेने. ड्रायव्हरला दुपारी फोन केला, म्हणाला माणगावात आहे. संध्याकाळी केला, म्हणाला माणगावात आहे. सिस्टिममध्ये मात्र गाडी इन ट्रान्झिट, हिरवा ठिपका, ईटीए आज. ठिपक्याला ट्रॅफिक लागत नाही.

बायको म्हणते तू घरी पण असाच झालायस. खरं आहे. परवा फ्रिज उघडून मी दह्याची भांडी जुनं पुढे नवं मागे अशी लावली, तारीख लिहून चिकटपट्टी मारली, आणि आईने नवं भांडं आधी काढलं तर तिला फर्स्ट इन फर्स्ट आउट समजावून सांगितलं. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला. जिने जन्मभर माळ्यावरची आढी लावली, रोज चाचपून कुठला आंबा आज खायचा, कुठला परवा, ते बोटांनी ठरवलं. ती म्हणाली, "बाबा, तू गोळी घेतलीस का रक्तदाबाची?" नव्हती घेतली. गोळ्या संपलेल्या. माझ्याकडे रिऑर्डर लेव्हल दोन पट्ट्या आहे, पण मेडिकलवाल्याकडे स्टॉक नव्हता. त्याच्याही कॉम्प्युटरवर दिसत होत्या, मी स्क्रीन बघितली स्वतः, तिथे उभ्या उभ्या हसायलाच लागलो, तो पोरगा घाबरला बिचारा.

आणि त्यात नातेवाईक. "तुझीच फॅक्टरी रे, दोन डबे ठेव आमच्यासाठी." माझी फॅक्टरी! माझ्या नावावर तिथे एक खुर्ची आहे, तिचं पण ॲसेट टॅगिंग झालंय, आणि सिस्टिमच्या मते ती खुर्ची चिपळूणच्या डेपोत आहे.

आता सोमवारी कॉल लावलाय त्यांनी. "रूट कॉज ॲनालिसिस." पाच वेळा का विचारायचं म्हणे. झाकण का संपलं, का कळलं नाही, का, का, का, आणि मला माहितीय पाचव्या का-ला उत्तर येणार की प्लँटच्या माणसांना अजून ट्रेनिंगची गरज आहे. परत तो टायवाला येणार. तोपर्यंत काकांना मी सांगून टाकलंय, जुनी कार्डं काढा ट्रंकेतून, दोरा मी आणतो, रॅकच्या मागच्या बाजूला बांधू, ऑडिटवाल्याला दिसणार नाही अशी. काकांनी कार्डं फेकलेलीच नव्हती. फेकली तर नव्हतीच, फेब्रुवारीपर्यंत लिहीत पण होते, मग खांदा दुखायला लागला म्हणून बंद केलं. म्हणजे आमचं खरं ईआरपी, खरी सिस्टिम, काकांच्या खांद्यावर चालत होती आणि तिचं एएमसी, वर्षाच्या देखभालीचे पैसे, कोणी भरलं नाही.

आणि ३१ तारखेला स्टॉक टेकिंग आहे. ज्यांना ज्यांना सिस्टिममध्ये चोवीस हजार दिसतायत त्यांनी यावं आणि मोजावीत. शिडी आहे. टॉर्च ज्याने त्याने आपापला आणावा, लाईटची गॅरंटी मी देत नाही.