पोट भरलं, हे ठरवणारं पोट कोण?

रविवारी दुपारी दोनचा सुमार. चार पोळ्या, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, आमटी-भात आणि शेवटी ताकभात असं सगळं रीतसर आत गेलेलं आहे. तुम्ही एक ढेकर दिलेला आहे, ज्याची दखल शेजारच्या खोलीतही घेतली गेली. आता फक्त उठायचं आणि हात धुवायचे. नेमक्या त्याच क्षणी आई पातेलं तिरकं करून दाखवते. "एवढंसंच उरलंय रे. कशाला ठेवू? संपवून टाक."

पातेल्याच्या एका कडेला दीड डाव आमटी गोळा झालेली असते. आमटी नुसती कशी खाणार, म्हणून त्याखाली थोडा भात. भात थोडा जास्त झाला, म्हणून वर अजून आमटी. आता आमटी संपली आणि भात उरला, तर ताक आहेच.

इथे बहुतेक लोक एक मोठी चूक करतात. ते स्वतःच्या पोटाला विचारतात.

पोट भरल्यावरही खात राहण्याची सवय तुम्हाला सोडायची असेल (आणि ती सोडायलाच हवी, मी स्वतः ती दर रविवारी रात्री सोडतो), तर आधी एक गोष्ट मान्य करा. आपल्याकडे पोट भरल्याचा निर्णय पोट घेत नाही. तो पातेलं घेतं, वाढणारा घेतो, थाळीचा दर घेतो, फ्रिजमधली जागा घेते. पोट म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमधला भाडेकरू. राहतो तोच, जिना चढतो तोच, पण मत मालकाचं.

त्यात पोटाचा स्वभावही पडखाऊ. रिकामं जठर जेमतेम मुठीएवढं असतं. एका भरपेट जेवणाला ते लिटर-दीड लिटर माल सामावून घेतं, आणि फारच आग्रह झाला तर चार लिटरपर्यंत ताणलं जातं. मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये लग्नाला आलेले चाळीस पाहुणे मावतात, तसं. कुणी विचारलं तर म्हणायचं, सरकून बसा, होईल जागा.

बरं, जठर अगदीच मुकं नाही. त्याच्या भिंती ताणल्या की मज्जातंतूंतून मेंदूकडे निरोप जातो, आतड्यांतून काही संप्रेरकं सुटतात, आणि मग मेंदू म्हणतो, पुरे. या सगळ्याला साधारण वीस मिनिटं लागतात. म्हणून डॉक्टर सांगतात, सावकाश जेवा, एकेक घास बत्तीस वेळा चावा. तुम्ही मात्र या माहितीकडे व्यवहारी नजरेनं बघा. पाटीवर 'दुकान वीस मिनिटांत बंद होईल' असं लिहिलं असेल, तर शहाणा माणूस खरेदी सावकाश करतो का? वीस मिनिटांत मसालेभाताच्या दोन फेऱ्या आणि जिलबीची एक आरामात होते. मेंदूचं 'पुरे' येऊन पोचेपर्यंत तुम्ही बडीशेपेपर्यंत आलेले असता. मग ते 'पुरे' बडीशेपेला लागू करायचं. अशा रीतीनं संयमही पाळला जातो.

विज्ञानाने आणखीही शोध लावलेत. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन सापडलं. अंगातली चरबीच हे संप्रेरक तयार करते आणि मेंदूला सांगते, साठा भरपूर आहे, आता आवरा. नावही ग्रीक भाषेतल्या 'बारीक' या अर्थाच्या शब्दावरून ठेवलं. सगळ्यांना वाटलं, आता टोचलं लेप्टिन की झाला माणूस सडपातळ. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं, असं निघालं. फक्त मेंदू त्याचं ऐकेनासा झालेला असतो. यात चकित होण्यासारखं काय होतं, मला कळत नाही. आमच्या अण्णांनी पंचवीस वर्षं रोज सकाळी 'नळ नीट बंद करा' म्हणून सांगितलं. नळ अजून ठिबकतो.

आपल्याकडे हे सगळं फार आधी सांगून झालं होतं हे खरंच. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पिले. दोन अन्नाने भरावेत, एक पाण्याने, आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा. आपण सगळे वाग्भटाचे अभिमानी आहोत. चौथा भाग आपण कटाक्षाने मोकळा ठेवतो, आइस्क्रीमसाठी. जपानात ओकिनावा बेटावरची म्हातारी माणसं म्हणे ऐंशी टक्के पोट भरलं की थांबतात. थांबत असतील. पण ऐंशी टक्के मिळवून घरी आलेल्या पोराला 'उरलेले वीस कुठे गेले?' असं विचारणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाने हे कसं जमवायचं, यावर ओकिनावाकडे काही उत्तर नाही.

आता अनलिमिटेड थाळीकडे वळू. इथे तुमच्या आत्मसंयमाची नाही, गणिताची परीक्षा असते. समजा थाळी चारशे रुपयांची आहे. एकच पुरी खाल्लीत तर ती पुरी चारशेला पडली, हा शुद्ध मूर्खपणा. दोन खाल्ल्यात तर दोनशेला एक. चार खाल्ल्यात तर शंभर. आठव्या पुरीला भाव पन्नासवर येतो आणि तुमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसतं. इथून पुढे मात्र गंमत आहे. नववी पुरी खाऊन तुम्ही भाव चव्वेचाळीसवर आणता, म्हणजे वाचवता जेमतेम साडेपाच रुपये. रात्री अकरा वाजता पाण्यात फसफसणारी पुडी त्याहून महाग मिळते. पण हे गणित टेबलावर करायचं नसतं. टेबलावर फक्त समोरच्याची वाटी बघायची असते. त्याने बासुंदी तिसऱ्यांदा घेतली आणि आपण दुसऱ्यांदाच, म्हणजे आपल्या पैशातून त्याने खाल्लं.

गोडाच्या बाबतीत तर तुम्हाला शास्त्राचा भक्कम आधार आहे. भात नको झालेल्या माणसाला गुलाबजाम कसा चालतो, हा प्रश्न आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या विचारला. आहारसंशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रयोग करून दाखवलं, की जे खात असतो त्याच चवीचा कंटाळा येतो, दुसऱ्या चवीची भूक शाबूत राहते. म्हणजे भाताचं पोट भरलं तरी गुलाबजामचं रिकामंच. महाराष्ट्रीय लग्नाचा मेनू ज्याने पहिल्यांदा ठरवला, त्याला हे पक्कं ठाऊक असणार. वरणभात, अळूची भाजी, मसालेभात, जिलबी, मठ्ठा, पुन्हा पांढरा भात. आंबट, गोड, तिखट, आंबट. कंटाळा यायला कुठे फटच नाही. आणि तीही दिसली, तर मधे पापड.

लग्नाच्या पंगतीत 'नको' म्हणण्याच्या काही पद्धती आहेत, त्यांची थोडक्यात माहिती देतो. तोंडी 'नको' म्हणजे 'आग्रह करा'. मान हलवून 'नको' म्हणजे 'एक'. 'नको, खरंच नको' म्हणजे 'दोन, पण पाकातल्या बघून'. उरला शेवटचा उपाय, पानावर दोन्ही हात आडवे धरणं. हा मी स्वतः एका मावसबहिणीच्या लग्नात केला. वाढपी तरबेज होता. त्याने माझ्या करंगळी आणि अनामिकेच्या मधल्या फटीतून अचूक जिलबी सोडली. मी फट बुजवायला बोटं जवळ घेतली, तेवढ्यात मागून मठ्ठेवाला आला आणि त्याने वाटी समजून माझ्या मनगटावर ओतला. मठ्ठा शर्टाच्या बाहीतून कोपरापर्यंत गेला, घड्याळ तिथेच बंद पडलं. एक वाजून वीस मिनिटं. मग यजमान स्वतः आले. 'काही घेतलंच नाही तुम्ही' म्हणाले आणि त्या आनंदात त्यांनी मला घास भरवला. नवरानवरी मागे उभीच होती. दोघांचा एकेक.

ताट लहान घ्या, हाही एक सल्ला तुम्ही ऐकला असेल. अशा गोष्टी घरोघरी पोचवण्यात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉन्सिंक आघाडीवर होते. २००५ साली त्यांनी सुपाचे असे वाडगे वापरले, जे टेबलाखालच्या नळीतून गुपचूप भरत राहत. त्या वाडग्यांतून पिणारे बरंच जास्त सूप प्याले आणि आपण जास्त प्यालो हे त्यांच्या गावीही नव्हतं, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे त्यांच्या इतर निबंधांतले आकडे जुळेनात, २०१८ मध्ये विद्यापीठानेच संशोधनात गैरप्रकार झाल्याचं जाहीर केलं, डझनभराहून जास्त निबंध मागे घेतले गेले. यावरून ताट मोठं घ्यावं असं काही सिद्ध होत नाही, पण आमच्या मामाने तसं सिद्ध करून घेतलं. मला वाईट वाटतं ते त्या नळीचं. खालून भरणारा वाडगा तयार करायला केवढा तो खटाटोप! आपल्याकडे वरून भरणारी वाटी कधीपासून आहे. तिला मावशी म्हणतात.

शेवटची अडचण नैतिक. अन्न टाकू नये. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातला मोठा वाटा घरांतूनच. हा आकडा वाचून कुठल्याही सुसंस्कृत माणसाला भरून येईल. तुम्ही त्या दिवशी मटकीची उरलेली अर्धी वाटी उसळ, भूक नसताना, उभ्याने, कढईतूनच खाल्लीत, तो केवढा हातभार होता! ती उसळ ओल्या कचऱ्यात गेली असती. तुम्ही ती तुमच्यात घेतलीत. महापालिकेने दोन डबे ठेवायला सांगितले होते, एक ओला आणि एक सुका. घरात तिसरा डबा चालताबोलता आहे, हे त्यांना माहीत नाही.

खरं तर हा तिसरा डबा बहुतेक घरांत बाई असते. सगळ्यांचं झाल्यावर ती बसते, आणि तिचं ताट भुकेप्रमाणे नाही, पातेल्यांप्रमाणे भरतं. कधी तीन भाज्यांचे तळ आणि नको असलेला भात, कधी नुसती पोळी आणि रस्सा. तिला कुणी ताट लहान घ्यायला सांगत नाही, कारण तिचं ताट कितीचं आहे हे कुणी बघितलेलंच नसतं. असो. विषय हसण्याचा होता.

एवढं करूनही पोट जड वाटलंच, तर शतपावली आहे. सोफा ते फ्रिज बारा पावलं, येऊन-जाऊन चोवीस, म्हणजे चार फेऱ्यांत शंभरी जवळपास पूर्ण होते. फ्रिजपर्यंत गेल्यावर दार न उघडता परत येणं अर्थातच विचित्र दिसतं. आणि उपास? करा की. एकादशी आणि दुप्पट खाशी हे ज्याने म्हटलं, त्याने साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि वर खजूर असं ताट समोर ठेवूनच म्हटलं असणार.

तुम्हाला वाटेल, हा नुसता बोलतो. तर मी एकदा खरोखर थांबलो आहे. गेल्या होळीला मावशीकडे. दोन पुरणपोळ्या झाल्या, वर तूप, शेजारी कटाची आमटी. तिसरी पोळी कलथ्यावर माझ्या दिशेने निघाली आणि मी म्हणालो, "मावशी, नको. पोट भरलं." आवाज चढवला नाही, हात आडवे घातले नाहीत. नुसतं सांगितलं. पोळी कलथ्यावर तशीच थांबली. मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आईला हळूच विचारलं, "याचं ऑफिसात काही झालंय का?"

पण मानलं तिने. अजिबात आग्रह केला नाही. निघताना फक्त स्टीलचा डबा हातात दिला. सहा पोळ्या, आणि झाकणात तुपाची छोटी वाटी. त्यातल्या चार मी त्या रात्री फ्रिजचं दार उघडं ठेवून, त्याच्याच उजेडात खाल्ल्या. गार पुरणपोळी दुधात बुडवून जास्त चांगली लागते, हे ज्यांना माहीत आहे ते मला दोष देणार नाहीत.

आता प्रश्न डब्याचा आहे. डबा रिकामा परत द्यायची आपल्यात पद्धत नाही. तो घासूनपुसून ओट्यावर ठेवलाय आणि त्यात काय घालून पाठवायचं यावर घरात विचार चालू आहे. बेसनाचे लाडू, असं जवळपास ठरलंय. पहिला घाणा आईला कच्चट वाटला, दुसरा जरा जास्त भाजला गेला. तिसरा आत्ताच उतरवलाय. चाखून सांगायचं काम माझ्याकडे आहे.