तासगावची द्राक्षं आणि तांबडा समुद्र

आमच्या तासगावच्या नातेवाइकांत नौदलाचा विषय वर्षातून दोनदा हमखास निघतो. एकदा 4 डिसेंबरला, नौदल दिनी. तेव्हा 'विक्रांत'चे व्हिडिओ, 2022 मध्ये बदललेला झेंडा, त्यावरची शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट, आणि तिसरी विमानवाहू हवीच हा आग्रह. दुसऱ्यांदा बजेटच्या दिवशी, मामांच्या तोंडून: "आधी जतच्या पूर्व भागात म्हैसाळचं पाणी पोचवा, मग बोटी बांधा. आमाला समुद्र कुठं हाय?"

मामांची बाग सात-बाऱ्यावर सांगली जिल्ह्यात आहे, पण बिल निघतं रॉटरडॅमला. मी इथे नेदरलँड्समध्ये फळांच्या आयातीत काम करते, म्हणून हे ठणकावून सांगू शकते. भारतीय द्राक्षांचा युरोपातला मोठा दरवाजा हाच देश. न्हावा-शेवाहून निघालेला रीफर (शीत) कंटेनर तांबडा समुद्र आणि सुएझमार्गे इथे येतो, निदान यायचा. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलक्सी लीडर' हे जहाज पळवलं, पाठोपाठ ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सुरू झाली, आणि बड्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला, म्हणजे केप ऑफ गुड होपला, वळसा घालून न्यायला सुरुवात केली. मुंबईहून चार हजार सागरी मैलांहून जास्त लांबचा रस्ता, दहा-पंधरा दिवसांचा उशीर. आणि हे सगळं जानेवारी ते एप्रिल या ऐन हंगामाच्या तोंडावर.

द्राक्ष थांबत नाही. मणी टिकला तरी देठ वाळतो, आणि सुपरमार्केटचा माणूस पेटी उघडली की पहिल्यांदा देठच बघतो. बराचसा माल पोचल्यावर भाव ठरवायच्या बोलीवर येतो. भाडं वाढलं, विमा वाढला, प्रतवारीत कट लागला, की ते ओझं आमच्याकडून निर्यातदाराकडे, तिथून पॅकहाऊसकडे सरकत शेवटी बागायतदाराच्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबात) उतरतं. ऑक्टोबर छाटणीपासून घातलेला खर्च तेवढा जिथल्या तिथे. (पट्टीवर कारण 'क्वालिटी' असं लिहिलेलं असतं. 'हुथी' असं कोणी लिहीत नाही.)

मग आरमारं आली. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने मोहीम उभी केली, फेब्रुवारी 2024 मध्ये युरोपीय महासंघाने वेगळी. डचांची 'ट्रॉम्प'ही गेली. क्षेपणास्त्रं पाडली, ड्रोन पाडले, तरी त्या वर्षभर बहुतेक कंटेनर जहाजं केपवरूनच फिरली. कारण सोपं आहे. दहातली नऊ पाडली तरी दहावं आपल्या डेकवर येईल या हिशेबाने विमावाला हप्ता लावतो. शिवाय स्वस्तातल्या ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र उडवणं फार दिवस परवडत नाही. मोठी जहाजं दाखवली की शत्रू दबतो आणि वाट मोकळी होते, हा जो आपल्याकडचा भाबडा समज आहे, तो मी त्या हंगामात सोडून दिला.

त्याच काळात आपल्या नौदलाने केलेलं काम मात्र मला विमानवाहूच्या व्हिडिओपेक्षा मोलाचं वाटतं. मार्च 2024 मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने भारताच्या किनाऱ्यापासून हजार मैलांहूनही दूर 'रुएन' हे चाच्यांच्या ताब्यातलं जहाज अडवलं. नौदलाचे मार्कोस कमांडो विमानातून उतरले, 17 खलाशी सुखरूप सुटले, 35 चाचे शरण आले. अशा कामाला विनाशिका, फ्रिगेट, गस्ती विमानं, भरपूर इंधन आणि महिनोन् महिने तिथे राहण्याचा चिवटपणा लागतो.

म्हणून तिसऱ्या विमानवाहूच्या वादात मी विरोधी बाजूला आहे, निदान आज. आपली शेवटची सुरुंगशोधक बोट 2019 मध्ये निवृत्त झाली, त्यानंतर त्या जातीची एकही नवी ताफ्यात आलेली नाही. बंदराच्या तोंडाशी कोणी चार सुरुंग सोडले तर न्हावा-शेवा बंद पडेल, आणि ते उघडायला 45 हजार टनांची 'विक्रांत' कामाची नाही. यावर नातेवाइकांच्या ग्रुपवर चकार शब्द निघत नाही.

मामांनाही एक ऐकवते. समुद्र आपला नव्हे, ही समजूत घाटावर जुनीच. कान्होजी आंग्र्यांचं सरखेलपद (आरमारप्रमुखपद) कायम केलं ते साताऱ्याच्या शाहू महाराजांनी. पण 1756 मध्ये त्यांचेच पुत्र तुळाजी आंग्र्यांचा काटा काढायला पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गाखाली मराठ्यांचं सर्वांत तगडं आरमार जळालं. तुळाजी बंडखोर होते हे खरं, तरी हिशेब चुकलाच. इथले डच लोकही असेच हिशेबी. शीतयुद्धाच्या काळात आखलेल्या आठ फ्रिगेटपैकी सहा त्यांनी पुढे बेल्जियम, चिली आणि पोर्तुगालला विकून टाकल्या. आता घाईने नव्या बांधायला काढल्यात.

पाण्याची मागणी सोडा असं मी मामांना म्हणणार नाही. पण आपल्या खासदारांना त्यांनी आणखी एक विचारावं: आमची द्राक्षं नेणाऱ्या जहाजांवर भारताचा झेंडा का नसतो? भाड्याचा पैसा परदेशी जातो, हे एक झालं. दुसरं जास्त टोचणारं आहे. आपली युद्धनौका सोबतीला उभी असली, तरी मामांचा कंटेनर सुएझवरून न्यायचा की केपवरून, हे कोपनहेगन, जिनिव्हा नाहीतर मार्सेच्या जहाज कंपन्यांच्या ऑफिसात ठरतं.