मुलगा 95 टक्के वडिलांचा? एका फॉरवर्डची झाडाझडती

वर्षानुवर्षे फिरणारा एक मेसेज आहे. थोडक्यात असा: मुलीला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन एक्स गुणसूत्रे मिळतात. त्या दोघांची तिच्यात ‘गाठ’ पडते, क्रॉसिंग ओव्हर होते आणि सगळे मिसळून जाते. मुलाला वडिलांकडून वाय मिळते. त्याचा जोडीदार वेगळ्या जातीचा, म्हणून फक्त 5 टक्के मिसळते आणि 95 टक्के जसेच्या तसे राहते. म्हणजे मुलगा 95 टक्के वडिलांचा, मुलगी 50 टक्के. मुलीच्या वाटेने हा अंश 50, 25, 12.5 असा घटत सातव्या पिढीत 1 टक्क्याच्या खाली जातो, मुलाच्या वाटेने तो पिढ्यान्‌पिढ्या कायम.

लिहिणाऱ्याने पुस्तक उघडले होते, एवढे मान्य करायला हवे. 95 हा आकडा हवेतला नाही, आणि शिकलेसवरलेले लोक हा मेसेज पुढे ढकलतात ते बहुधा त्यामुळेच. पण पान वाचले ते अर्धेच.

‘दोन गुणसूत्रांची मुलीत गाठ पडते’

पडते, पण तिच्या देहात सगळीकडे नाही आणि गर्भधारणेच्या क्षणीही नाही. अंडपेशी आणि शुक्रपेशी एक झाल्यावर आईची 23 आणि वडिलांची 23 गुणसूत्रे एकाच केंद्रकात राहतात, पण आपापली. त्वचा, रक्त, यकृत यांच्या पेशी सूत्री विभाजनाने (मायटोसिस) वाढतात आणि त्यात ही 46 गुणसूत्रे जशीच्या तशी पुढे जातात. अदलाबदल हा अर्धगुणसूत्री विभाजनाचा (मियोसिस) भाग आहे आणि ते फक्त अंडाशयात नि वृषणात, युग्मके, म्हणजे अंडपेशी नि शुक्रपेशी, तयार करणाऱ्या पेशींमध्येच होते.

तिथे डीएनएची प्रत एकदा निघते आणि विभाजने मात्र दोन होतात. पहिल्या विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राला आपला सजातीय जोडीदार, म्हणजे दुसऱ्या पालकाकडून आलेले त्याच क्रमांकाचे गुणसूत्र, शोधून त्याला लांबीभर चिकटायचे असते. त्यासाठी पेशी एक धाडसाची गोष्ट करते: स्पो11 नावाच्या प्रथिनाकरवी स्वतःचाच डीएनए शंभराहून अधिक ठिकाणी तोडते. हे तुकडे सांधताना जोडीदाराचा नमुना वापरला जातो आणि काही थोड्या ठिकाणी सांधा असा बसतो, की दोघांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. हेच क्रॉसिंग ओव्हर. म्हणजे आईवडिलांच्या गुणसूत्रांची सरमिसळ मुलीच्या अंगात नव्हे, तिच्या अंडपेशीत दिसते. तिच्या अपत्यांच्या वाट्याला येते.

यातली वेळ तर आणखी चक्रावणारी. स्त्रीमध्ये हे विभाजन तिच्या जन्माआधीच सुरू होते. अदलाबदल उरकते आणि पेशी मध्येच थांबते. कुणी पंधरा वर्षांनी पुढे सरकते, कुणी चाळीस वर्षांनी. तुम्ही ज्या अंडपेशीतून आलात तिच्यातली अदलाबदल तुमची आई आजीच्या पोटात असताना झालेली आहे.

मुलगेही या खेळाबाहेर नाहीत. मेसेजमध्ये जणू बायकाच मिसळतात. पुरुषाच्या वृषणात एक्स-वाय सोडून उरलेल्या 22 च्या 22 जोड्या अशाच गुंततात. एका शुक्रपेशीत अशा अदलाबदलीच्या सरासरी 26 च्या आसपास जागा सापडतात, अंडपेशीत 40 हून जास्त. फरक आहे तो संख्येचा.

‘95 टक्के जसेच्या तसे, म्हणून मुलगा 95 टक्के वडिलांचा’

खरी गफलत इथे आहे. वाय गुणसूत्राचा तपशीलवार नकाशा 2003 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या लांबीचा सुमारे 95 टक्के भाग एक्सशी अदलाबदल करत नाही असे त्यात नोंदवलेले होते. हे 95 टक्के वाय गुणसूत्राचे आहेत, मुलाचे नाहीत.

आता हिशेब मांडू. लिंग गुणसूत्रे सोडून 22 गुणसूत्रांचा एक संच साधारण 290 कोटी बेस-जोड्यांचा (डीएनएची लांबी मोजायची ही अक्षरे). एक्स सुमारे 15.4 कोटींचे, वाय सुमारे 6.2 कोटींचे. मुलाला वडिलांकडून 290 अधिक 6.2, आईकडून 290 अधिक 15.4. टक्केवारी काढली की वडिलांचा वाटा 49.2 च्या आसपास येतो. अर्ध्याहून किंचित कमी! शिवाय पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा 16,569 बेस-जोड्यांचा छोटासा डीएनए आईकडूनच येतो. मुलीचा हिशेब मात्र जवळपास निम्मानिम्मा. म्हणजे बारीक तराजूत तोलले तर वडिलांचा अंश मुलीत कणभर जास्त आहे. मेसेज नेमका उलटा निघाला.

‘वाय कुणाशी मिसळत नाही’

मिसळते, मिसळावेच लागते. वायच्या टोकाला सुमारे 27 लाख बेस-जोड्यांचा एक पट्टा आहे, तो एक्सच्या टोकाशी जुळतो. शुक्रपेशी तयार होताना या पट्ट्यात बहुतेक वेळा एक अदलाबदल होतेच. हा सांधाच पहिल्या विभाजनात जोडीदारांना ताणाखाली एकत्र धरून ठेवतो, म्हणून ती विरुद्ध टोकांना नीट जातात. सांधा पडला नाही, तर एक्स आणि वाय दोन्ही एकाच शुक्रपेशीत जाऊ शकतात आणि अपत्य एक्स-एक्स-वाय होऊ शकते. मेसेजला जी ‘भेसळ’ वाटते, तिच्यावर मुळात युग्मक धड होण्याची मदार आहे.

‘न मिसळलेले ते शुद्ध’

शुद्धतेचे हे माप वायला महाग पडले आहे. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी एक्स आणि वाय ही चारचौघांसारखी जोडी होती. पुढे अदलाबदल आटत गेली तशी वायची बहुतेक जनुके झडली. आज एक्सवर प्रथिने बनवणारी 800 हून अधिक जनुके आहेत, वायवर शंभराच्या घरात. जोडीदाराचा नमुना हाताशी नसला की बिघडलेले टाकून चांगले निवडणे अवघड होते. आणि जे उरले तेही गोठलेले नाही. वायमध्ये उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएतले बदल, होतच राहतात. पितृवंशाच्या शाखा ओळखता येतात त्या त्यांच्यामुळेच. तंतोतंत तसेच राहिले असते, तर सगळे पुरुष एकाच शाखेचे दिसले असते.

अखंड पुढे जाण्याचेच कौतुक असेल, तर वडिलांच्या एक्सकडे पाहावे. पुरुषाकडे एक्स एकच, ते त्याला आईकडून मिळालेले. टोकाचे पट्टे सोडले तर ते मोडतोड न होता त्याच्या प्रत्येक मुलीला जाते. म्हणजे वडिलांच्या आईचे एक्स नातीला जवळजवळ सबंध मिळते आणि ते वायच्या अडीच पट लांब आहे. यावरून कुणी ‘नात आजीची’ असा मेसेज काढल्याचे दिसले नाही.

‘मुलीच्या वाटेने सात पिढ्यांत संपते, मुलाच्या वाटेने टिकते’

सात वेळा निम्मे, म्हणजे 1/128, हे गणित सरासरी म्हणून बरोबर आहे, पण ते दोन्ही वाटांना लागू आहे. 22 जोड्यांतला पूर्वजाचा वाटा दर पिढीला निम्मा होतो, वाट मुलाची असो वा मुलीची. शिवाय वाटणी तुकड्यांनी होते, म्हणून 25 टक्के ही आजोबांकडून मिळणारी सरासरी. एखाद्या नातवाला 21 मिळतील, दुसऱ्याला 29. मागे जावे तसे तुकडे कमी पडू लागतात. सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाच्या वाट्याला सरासरी तीन-चार तुकडे येतात. दहा पिढ्यांमागे वंशवृक्षात 1,024 जागा असतात आणि त्यांतल्या साधारण निम्म्या पूर्वजांकडून या 22 जोड्यांत एकही तुकडा पोचत नाही. थेट पितृवंशातला दहावा पूर्वजही त्या निम्म्यांत असू शकतो. त्याचे वाय असेल, बाकी काहीच नसेल.

आता मुलाचा मुलगा आणि मुलीचा मुलगा समोरासमोर ठेवू. 22 जोड्यांत दोघांनाही आजोबांचा सरासरी सारखाच वाटा. वरकड म्हणून मुलाच्या मुलाला आजोबांचे वाय मिळते, 6.2 कोटी. मुलीला वडिलांचे एक्स सबंध मिळालेले असते आणि तिच्या अंडपेशीत ते आईकडच्या एक्सशी मिसळते. त्यामुळे तिच्या मुलाला त्यातले कधी सगळे, कधी काहीच नाही, पण सरासरीने निम्मे येते, म्हणजे 7.7 कोटी. मुलीच्या मुलात आजोबांच्या दीड कोटी बेस-जोड्या सरासरीने जास्तच निघतात.