पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसत नाही : प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही लिहिलंय की माझ्या लेखातल्या पद्धतीने डेबियन 12 ची (डेबियन म्हणजे लिनक्सचा एक प्रकार) आयएसओ, म्हणजे डिस्कची इमेज फाइल, उघडली, फाइली टाकून परत बांधली, व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे आभासी मशीनमध्ये, चालली, पण नव्या लॅपटॉपच्या बूट मेनूत पेनड्राइव्हच दिसेना, अख्खा रविवार गेला. अर्धवट लिहून लोकांचा वेळ का घालवता, असंही विचारलंय. चूक माझीच आहे, लेख आज दुरुस्त केलाय.

सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं की झालं, हे मात्र नाही पटत. त्याचा नंबर नंतर लागतो हो, आधी फर्मवेअरला, म्हणजे मशीन सुरू होताच चालणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरला, चालवायला फाइल तर सापडू दे! आणि डेबियनचा शिम, म्हणजे सगळ्यात आधी चालणारा छोटा बूट प्रोग्राम, सही केलेला असतो, डेबियन 10 पासून म्हणजे 2019 पासून सिक्युअर बूट चालू ठेवूनच बूट होतं.

खरी भानगड अशी, की यूईएफआयला, म्हणजे नव्या प्रकारच्या फर्मवेअरला, फॅट या फाइल सिस्टिमचा विभाग लागतो आणि त्यात ईएफआय फोल्डर, त्यात बूट, त्यात बूटएक्स64.ईएफआय. मूळ आयएसओत ही फॅट इमेज असतेच, माझ्या आयएसओतही कॉपी झाली होती, पण माझ्या कमांडमध्ये बूटची नोंद फक्त आयसोलिनक्स या बूटलोडरची, म्हणजे बायोसची (जुन्या प्रकारच्या फर्मवेअरची), त्यामुळे फर्मवेअरच्या लेखी ती नुसती पडून राहिलेली फाइल. झोरिसो या आयएसओ बांधायच्या टूलकडून एल टोरिटोचा, म्हणजे सीडी-डीव्हीडीवरून बूट करायच्या नोंदींचा, रिपोर्ट काढला तेव्हा मूळ आयएसओत बायोस आणि यूईएफआय अशा दोन ओळी आल्या, माझ्यात एकच, बायोस. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ईएफआयवर टिक नसेल तर तेही बायोससारखंच चालतं, म्हणून तिथे काही कळलं नाही.

त्यात पेनड्राइव्हवर फर्मवेअर एल टोरिटो बघतच नाही, पार्टिशन टेबल, म्हणजे विभागांची यादी, बघतं. आयएसओ 9660 या डिस्कच्या फाइल सिस्टिममध्ये सुरुवातीचे 2048 बाइटचे 16 सेक्टर, म्हणजे 32 केबी मोकळे सोडलेले असतात, टेबलाची सुरुवात तिथे बसवतात आणि त्यातली एक नोंद त्याच फॅट इमेजकडे बोट दाखवते. ही नोंद करायची राहून गेली तर डीव्हीडीवरून बूट होईल, पेनड्राइव्हवरून नाही.

म्हणून ऑप्शन हाताने लिहूच नका. मूळ आयएसओवर तोच रिपोर्ट 'ॲज एमकेआयएसओएफएस' हा ऑप्शन लावून काढा, सगळे ऑप्शन तयार मिळतात, ते जसेच्या तसे घ्या, फक्त आउटपुटचं नाव आणि तुमचं फोल्डर त्यात जोडा. मूळ आयएसओ जागेवरून हलवू नका, पहिले 16 सेक्टर तिच्यातूनच उचलले जातात. पेनड्राइव्हवर टाकायच्या आधी क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये ओव्हीएमएफ हे यूईएफआय फर्मवेअर लावून एकदा चालवा.

तरी नाही दिसला तर रिपोर्टच्या त्या ओळी इथे टाका, लॅपटॉपच्या मॉडेलसकट, मी बघतो.